कंटेनरच्या पोटात दडवलेलं युरेनियम: वेगवर्धक ते कसं शोधतो?

चेंबूरकरीण · शनिवार, रात्री ९.१०

मागच्या रविवारी मामेभावाबरोबर अटल सेतूवरून उरणला गेले. शिवडी सोडली की डाव्या हाताला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या बाजूने उंच आडोसे लावलेत, पलीकडचं दिसत नाही. उजव्या हाताला मात्र घारापुरी आणि न्हावाशेवा बंदराच्या क्रेनची रांग स्वच्छ दिसते. भाऊ बँकेत आहे, त्याचा बंदराशी संबंध नाही. त्याने सहज विचारलं, "तायडे, या डब्यांतून कोणी बॉम्बचा माल आणला तर यांना कळतं का गं?" मी म्हटलं, कळतं. घरी आल्यावर जाणवलं की उत्तर फार घाईने दिलं.

मी वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ आहे. मुंबईतल्या एका कर्करोग रुग्णालयात चौदा वर्षं लिनॅकवर काम करते. लिनॅक म्हणजे इलेक्ट्रॉनचा रेषीय वेगवर्धक. तांब्याच्या पोकळ्यांच्या नळीत सूक्ष्मलहरी सोडायच्या, त्यांच्यावर स्वार होऊन इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पोचतात, टंगस्टनवर आदळतात आणि एक्स-रे बाहेर पडतात. बंदरात कंटेनरचा एक्स-रे काढणारं यंत्र याच घराण्यातलं. म्हणून आठवडाभर वाचत बसले.

बहुतेकांना वाटतं की बॉम्बचा माल म्हणजे भयंकर किरणोत्सर्गी, जवळ नेलं की काउंटर किंचाळणार. कोबाल्ट-६० तसं असतं, त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. युरेनियम-२३५ चं अर्धायुष्य सुमारे ७० कोटी वर्षं. निम्मं व्हायलाच ज्याला इतका काळ लागतो ते दर सेकंदाला किती किरण टाकणार? त्याचा मुख्य गॅमा किरण १८६ केईव्हीचा (हे किरणाच्या ऊर्जेचं एकक, हजार केईव्ही म्हणजे एक एमईव्ही), म्हणजे दुबळा. युरेनियम इतकं जड आहे की आतल्या भागातले हे किरण स्वतःच्याच अंगात जिरतात, पृष्ठभागाच्या मिलिमीटरभरापेक्षाही पातळ थरातले तेवढे बाहेर येतात. वर शिशाचं वेष्टण असेल तर तेही गेले. प्लुटोनियम त्या मानाने बोलकं. त्यातला प्लुटोनियम-२४० हा समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वस्तुमानाचा अणू) आपोआप फुटतो आणि न्यूट्रॉन टाकतो, शिसं त्यांना फारसं अडवत नाही.

आणि माल आकाराने लहान असतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था ज्याला 'लक्षणीय प्रमाण' म्हणते ते समृद्ध, म्हणजे युरेनियम-२३५ चं प्रमाण वाढवलेल्या, युरेनियमसाठी २५ किलो युरेनियम-२३५, प्लुटोनियमसाठी ८ किलो. २५ किलो युरेनियम म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास, पाण्याच्या मोठ्या बाटलीत मावेल. ८ किलो प्लुटोनियम चहाच्या दोन-तीन कपांत. हे शोधायचं चाळीस फुटी डब्यात, जिथे पंचवीस टन दुसराच माल आहे.

बंदरात साधारण दोन चाळण्या असतात. पहिली, फाटकावरचे खांब. ते स्वतः काही सोडत नाहीत, फक्त ऐकतात. ट्रेलर सावकाश मधून जातो, खांबातले प्लॅस्टिकचे पट्टे गॅमा मोजतात आणि काही खांबांत न्यूट्रॉनसाठी वेगळ्या नळ्या असतात. दुसरी, लिनॅकचा एक्स-रे. आमच्या छातीच्या एक्स-रेला १०० केईव्हीच्या आसपास पुरतं, इथे ६ ते ९ एमईव्ही वापरतात, कारण फूटभर पोलादातूनही आरपार जावं लागतं. आजकाल दोन ऊर्जा आलटूनपालटून सोडतात. जड अणूच्या केंद्रकाजवळ उच्च ऊर्जेचा किरण इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडी तयार करून संपतो, आणि अणू जितका जड तितकं हे जास्त घडतं. दोन्ही ऊर्जांची सावली शेजारी ठेवली की लोखंड कुठलं आणि शिसं-युरेनियमच्या वर्गातलं काय, याचा अंदाज येतो.

या दोन चाळण्या एकमेकींच्या उणिवा भरतात हे मला फार आवडलं. माल उघडा ठेवला तर खांबाला ऐकू येतो. शिशात गुंडाळला तर खांब गप्प, पण एक्स-रेवर काळीकुट्ट सावली पडते. मग राहतात ते शंकेचे डबे, म्हणजे सावली आहे पण आत काय ते कळत नाही. तिथे तिसरी पायरी, आणि माझा धागा खरं तर तिच्याबद्दल आहे.

वेगवर्धकाच्या किरणाची ऊर्जा सुमारे ६ एमईव्हीच्या वर गेली की तो युरेनियमचं केंद्रक फोडू शकतो. याला फोटोफिशन म्हणतात, म्हणजे किरणाने घडवलेलं विखंडन. १३-१४ एमईव्हीच्या आसपास त्याची शक्यता सर्वाधिक. केंद्रक फुटताक्षणी दोन-तीन न्यूट्रॉन उडतात, ही ज्वाळा. नंतर उरलेले तुकडे सेकंद-मिनिटभर धुमसत राहतात आणि त्यांतून उशिराचे न्यूट्रॉन आणि जोरकस गॅमा येतात. चूल विझवली तरी राखेखाली निखारा राहतो ना, तसं. लिनॅक सलग चालत नाही, काही मायक्रोसेकंदांचे ठोके सेकंदाला शे-दोनशे वेळा देतो. दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत आणि किरण बंद केल्यावर कान देऊन बसायचं. लोखंड, शिसं, लाकूड, कागद यांत हा निखारा नसतो.

माझं म्हणणं असं, की सगळे डबे स्कॅन करण्याच्या मागे न लागता पैसा आणि माणसं या तिसऱ्या पायरीवर लावावीत. २०२३-२४ मध्ये न्हावाशेव्याने ६४ लाखांहून अधिक कंटेनर हाताळले, म्हणजे रोजचे साडेसतरा हजार. प्रत्येकाला पाच मिनिटं दिली तरी हिशेब बसत नाही. तुम्हाला काय वाटतं?


जी_कार्ड · शनिवार, रात्री १०.०२

ताई, धागा आवडला, पण शेवटचा आकडा दुरुस्त करा. ते ६४ लाख टीईयू आहेत, म्हणजे वीस फुटी डब्याच्या मापात मोजलेले, डबे नाहीत. चाळीस फुटी डबा दोन टीईयू धरतात. शिवाय त्यात निर्यात, रिकामे डबे, ट्रान्सशिपमेंट (इथे फक्त जहाज बदलणारे डबे), सगळं आलं. आयातीचे भरलेले डबे यातला एक हिस्सा. तुमचा मुद्दा त्याने पडत नाही, फक्त हिशेब थोडा सुटा होतो.

मी कस्टम ब्रोकरकडे आहे, बावीस वर्षं. एक अनुभव सांगतो, कंपनीचं नाव नको. रिफ्रॅक्टरी विटांचा डबा होता, भट्टीत लावतात त्या. रात्री दीडच्या सुमारास ट्रेलर खांबांमधून गेला आणि दिवा पेटला. ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला लावली. मला फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो, हात धुऊन तसाच निघालो. अधिकारी हातातलं यंत्र घेऊन डब्याच्या कडेने चालत गेले, दरवाजापासून पुढच्या टोकापर्यंत, मग दुसऱ्या बाजूने परत. मी मागे मागे. काटा एका जागी उसळेल असं मला वाटत होतं. तो सगळीकडे सारखाच वर होता, दारापाशी तेवढाच, मध्यावर तेवढाच. तेव्हा ते म्हणाले, माल स्वतःच बोलतोय. पुढे पक्कं झालं की विटांतल्या झिरकॉनमध्ये नैसर्गिक थोरियम-युरेनियम असतं. डबा सुटायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. डिटेंशन, म्हणजे डबा अडकल्याचा दंड, पार्टीने भरला आणि राग माझ्यावर काढला.

मला त्या रात्रीचं तेच चालणं लक्षात राहिलंय. दिवा पेटवायला यंत्र पुरतं. दिवा का पेटला हे सांगायला शिकलेला माणूस लागतो.


निवृत्त_मास्तर · शनिवार, रात्री १०.४५

जी_कार्ड यांच्या अनुभवात शाळेत शिकवण्यासारखं बरंच आहे. ग्रॅनाइट, चिनी मातीच्या फरश्या, पोटॅशयुक्त खत, केळी, या सगळ्यांत नैसर्गिक किरणोत्सर्ग असतो. पोटॅशियम-४० चा गॅमा १४६० केईव्हीचा, थोरियमच्या साखळीतल्या थॅलियम-२०८ चा २६१४. प्लॅस्टिकचा पट्टा 'किती' ते सांगतो, 'कोणता' ते धड सांगत नाही. त्यासाठी स्फटिकाचा शोधक लागतो, सोडियम आयोडाइड किंवा जर्मेनियम.

मला चेंबूरकरीण ताईंना एक शंका विचारायची आहे. ९ एमईव्हीचा किरण शिशावर पडला तर शिसंच न्यूट्रॉन सोडेल ना? बेरिलियम तर १.६७ एमईव्हीला सोडतं, जड हायड्रोजन २.२२ ला. मग न्यूट्रॉन दिसला म्हणजे युरेनियम, असं कसं म्हणायचं?


चेंबूरकरीण · शनिवार, रात्री ११.३०

जी_कार्ड, आकडा चुकला, मान्य. वर तसाच ठेवते म्हणजे तुमचा प्रतिसाद समजेल.

मास्तर, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. हे मी रोज जगते. आमच्याकडे दोन मशीन आहेत. ६ एमव्हीच्या, म्हणजे कमाल ६ एमईव्हीचे किरण देणाऱ्या मशीनच्या खोलीचं दार साधं, शिशाचं. १५ एमव्हीच्या दारात शिशाबरोबर बोरॉन मिसळलेल्या पॉलिथिनचा जाड थर आहे, कारण त्या ऊर्जेला मशीनच्या डोक्यातलं टंगस्टन आणि शिसंच न्यूट्रॉन टाकायला लागतं. ते दार ढकलायला मोटार आहे. मोटार बंद पडली तर हाताने सरकवताना दोन माणसांना घाम फुटतो. आणि १५ एमव्हीचा उपचार झाल्यावर तंत्रज्ञ लगेच आत धावत नाही, थोडं थांबतो, कारण आतल्या काही वस्तू क्षणभर स्वतःच किरणोत्सर्गी झालेल्या असतात.

म्हणून किरण चालू असताना दिसलेल्या न्यूट्रॉनला पुरावा मानत नाहीत. शिशाचा न्यूट्रॉन ठोक्याबरोबर येतो आणि ठोक्याबरोबर संपतो. विखंडनाचे तुकडे मात्र नंतरही न्यूट्रॉन देतात. या उशिराच्या न्यूट्रॉनांचे सहा गट धरतात, अर्धायुष्य सेकंदाच्या पाचव्या हिश्शापासून ५५ सेकंदांपर्यंत. प्रमाण फार कमी असतं. मंद न्यूट्रॉनने युरेनियम-२३५ फोडलं तर हजारात सहा-सात, प्लुटोनियम-२३९ मध्ये दोनच. पण या मूठभर न्यूट्रॉनांमुळेच अणुभट्टी माणसाच्या हातात राहते. ४ ऑगस्ट १९५६ ला तुर्भ्यात (ट्रॉम्बेत) अप्सरा ही भट्टी सुरू झाली, तीही यांच्याच भरवशावर काबूत राहिली. ही गोष्ट वाचताना माझ्या अंगावर काटा आला. भट्टीला लगाम घालणारा कणच डब्यातली चोरी सांगतो.

अपवाद सांगते, म्हणजे चित्र पूर्ण होईल. ऊर्जा १६ एमईव्हीच्या वर नेली तर ऑक्सिजन-१८ पासून नायट्रोजन-१७ तयार होतो आणि तोही ४.१७ सेकंदांच्या अर्धायुष्याने उशिराचा न्यूट्रॉन देतो. ऑक्सिजन काय, पाण्यात, लाकडात, सगळीकडे. तेव्हा ऊर्जा वाढवली की उत्तर स्वच्छ होतंच असं नाही.


अभ्यासू_कासव · रविवार, सकाळी ८.१५

सगळं वाचलं. मला मात्र एक वेगळी बाजू मांडायची आहे. आजवर जे पकडलं गेलं ते कशामुळे? मे १९९९ मध्ये बल्गेरियाच्या रूसे नाक्यावर गाडीतल्या एअर कॉम्प्रेसरमध्ये, शिशाच्या डबीत काही ग्रॅम समृद्ध युरेनियम सापडलं. ते कस्टमवाल्याला माणसाचा संशय आला म्हणून. २०१० मध्ये जॉर्जियात सिगारेटच्या पाकिटात शिसं लावून आणलेलं १८ ग्रॅम सापडलं, ते पोलिसांनी गिऱ्हाईक बनून रचलेल्या सापळ्यात. मे २०२१ मध्ये आपल्या मुंबईत एटीएसने सात किलोहून अधिक युरेनियम जप्त केलं, तेही खबरीवरून. मग करोडोंचा वेगवर्धक कशाला? खबऱ्यांवर खर्च करा.


उरणचा_पोरगा · रविवार, सकाळी ९.४०

माझे बाबा पंचवीस वर्षं ट्रेलर चालवतात. न्हावाशेव्याच्या रांगेत कधी कधी रात्रभर थांबावं लागतं. स्टोव्ह काढून भात लावतात, तिथेच झोपतात. त्यांना हा धागा वाचून दाखवला. ते म्हणाले, "माल सापडो न सापडो, आमच्या अंगावरून किरण किती जातात ते विचार."

ताई, उत्तर द्याल का?


चेंबूरकरीण · रविवार, दुपारी १.२०

आधी उरणच्या पोराच्या बाबांना उत्तर, बाकीचे थांबतील.

उभ्या गाडीचं स्कॅनिंग असेल तिथे ड्रायव्हरने उतरून आखलेल्या रेषेबाहेर जायचं असतं. ड्राइव्ह-थ्रू पद्धतीत गाडी चालवतच पुढे नेतात. तिथे सेन्सर केबिन ओळखतात, केबिन पुढे सरकली की मगच किरण सुरू होतो आणि फक्त डब्यावरून फिरतो. ड्रायव्हरला मिळतो तो इकडेतिकडे विखुरलेला थोडासा हिस्सा. डब्याला एका स्कॅनमध्ये मिळणारी मात्रा मायक्रोग्रेमध्ये मोजतात. ग्रे हे शरीरात जिरलेल्या किरणांचं माप, मी रुग्णाच्या गाठीला एका दिवसात २ ग्रे देते. एक ग्रे म्हणजे दहा लाख मायक्रोग्रे. निसर्गातून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट (एक्स-रेच्या बाबतीत मिलिग्रेइतकेच) मिळतातच.

पण वर ज्या तिसऱ्या पायरीबद्दल लिहिलं तिथे किरण कितीतरी पटींनी जास्त लागतो, कारण आता चित्र काढायचं नसून केंद्रकं फोडायची असतात. ते काम चालत्या गाडीवर, माणूस जवळ असताना करूच नये. डबा ट्रेलरवरून उतरवून, भिंतींच्या आत, सगळे बाहेर गेल्याची खात्री करून. आत कोणी माणूस लपलेला नाही हेही आधी एक्स-रेच्या चित्रात बघून घ्यायचं. जगात कंटेनरमधून माणसं आणली जातात, त्यांचा विचार करायलाच हवा.

अभ्यासू_कासव, तुमची तिन्ही उदाहरणं बरोबर आहेत. मुंबईतलं युरेनियम नैसर्गिक होतं हेही लोकांना सांगायला हवं. त्यात युरेनियम-२३५ शेकडा ०.७ च्या आसपास, बॉम्ब त्याचा होत नाही. खबर हीच पहिली, यात वाद नाही. पण समजा खबर आली की अमुक जहाजावरच्या चाळीस डब्यांपैकी एकात आहे. आता? चाळीस डबे रिकामे करायचे, प्रत्येकी पंचवीस टन? आणि यंत्रांच्या भागांचा माल असेल तर पोलादाच्या ठोकळ्याच्या आत काय आहे ते रिकामं करूनही दिसणार नाही. खबऱ्याने दिलेल्या चाळीसांतून एक निवडायला हे यंत्र आहे.

दुसरी बाजूही बघा. २००२ आणि २००३ मध्ये अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीच्या पत्रकारांनी मुद्दाम परीक्षा घेतली. शिसं लावलेल्या नळीत ६.८ किलो क्षीण युरेनियम (युरेनियम-२३५ बरंचसं काढून घेतलेलं), एकदा इस्तंबूलहून न्यूयॉर्कला, एकदा जकार्ताहून लॉस एंजेलिसला, साध्या मालाच्या कंटेनरमधून. दोन्ही वेळा आत गेलं. त्यांची खबर कोणी दिली नव्हती.


जी_कार्ड · रविवार, दुपारी २.०५

पंचवीस टन रिकामं करणं म्हणजे काय ते मी सांगतो. सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनरच्या गोदामात, मजूर लावायचे, माल खाली, तपासणी, माल परत वर. भंगाराचा डबा असेल तर परत तेवढ्याच जागेत तो बसतही नाही. शंभर टक्के तपासणीचा शेरा पडला की आमच्या पोटात गोळा येतो.

भंगारावरून आठवलं. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० फुटलं, एक मजूर गेला. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट निघालं, पोलाद भारतातून गेलेलं. आमच्याकडे भंगाराला निघण्याआधीच्या तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, पीएसआयसी म्हणतात, त्यात किरणोत्सर्गाची नोंद असते. तेव्हा माझ्या मते खांबांचं रोजचं खरं काम बॉम्ब पकडण्याचं नाही. भट्टीत जाणारं असलं एखादं तुकडं वेळेत थांबवलं तरी कितीतरी मजूर वाचतात. त्यामुळे खांबांवरचा खर्च मला कधीच फुकट वाटला नाही.


वाशीचा_हापूस · रविवार, दुपारी ४.३०

आम्ही आंबा-द्राक्ष निर्यातीत आहोत. परदेशी गिऱ्हाईक विचारतं, कंटेनरवर किरण मारले तर फळ खराब होईल का, किरणोत्सर्गी होईल का. त्याला एका ओळीत काय सांगू?


चेंबूरकरीण · रविवार, सायंकाळी ६.१०

एका ओळीत: अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला कीड मारण्यासाठी किमान ४०० ग्रे आपणच देतो, लासलगाव आणि वाशीच्या केंद्रांत. तपासणीच्या यंत्रांसाठी युरोपीय संघाच्या १९९९ च्या निर्देशात मर्यादा आहे ०.५ ग्रेची, म्हणजे आठशे पटींनी कमी. त्याच निर्देशात एक्स-रेची ऊर्जा १० एमईव्हीपर्यंत आणि न्यूट्रॉनची १४ एमईव्हीपर्यंत धरली आहे, न्यूट्रॉनसाठी मात्रा तर आणखी कडक, ०.०१ ग्रे. ही १० एमईव्हीची रेघ म्हणूनच महत्त्वाची. त्याखाली अन्नातले नेहमीचे अणू किरणोत्सर्गी होण्याची चिंता नगण्य असते. साध्या एक्स-रे स्कॅनची मात्रा या सगळ्याच्या फार खाली.

पण तुमच्या मालामुळे मला एक वेगळी अडचण आठवली. फळं, डाळी, कागदाचे रोल, लाकूड, हे सगळं हायड्रोजनने भरलेलं. उशिराचे न्यूट्रॉन आधीच हळू असतात, सरासरी अर्ध्या एमईव्हीच्या आतले. तुरीच्या पोत्यांमधून बाहेर येईपर्यंत त्यांचा जीव जातो. आफ्रिकेतून येणारा तुरीचा डबा डोळ्यांसमोर आणा, मधोमध असलेल्या वस्तूचा न्यूट्रॉन बाहेर दिसणं कठीण. तिथे गॅमा कामी येतात. विखंडनाच्या तुकड्यांतून ३ एमईव्हीहून जास्त ऊर्जेचे गॅमा येतात, ते धान्यातून बरे निसटतात. अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत या शतकाच्या पहिल्या दशकात नेमका हाच मार्ग तपासला, डबा न्यूट्रॉनच्या झोतासमोरून गाडी धुण्याच्या यंत्रातून न्यावा तसा न्यायचा आणि पुढे गॅमा ऐकायचे. लोखंडाच्या मालाचं उलटं, तिथे गॅमा अडकतात आणि न्यूट्रॉन सुटतात. म्हणून दोन्हींचे शोधक शेजारी ठेवावे लागतात. मालाची जात आधी कळली तर कोणत्या कानाने ऐकायचं ते ठरतं. बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे आयातदार कस्टमला देतो त्या मालाच्या कागदात, काय लिहिलंय याला म्हणून एवढी किंमत.


निवृत्त_मास्तर · रविवार, रात्री ८.२५

आणखी दोन वाटा नोंदवतो.

एक, केंद्रकाचा अनुनाद. प्रत्येक केंद्रकाला ठरावीक ऊर्जेचा किरण पचतो आणि तो तसाच परत फेकतो. युरेनियम-२३५ ची अशी एक रेषा १७३३ केईव्हीला आहे, युरेनियम-२३८ च्या २१७६, २२०९ आणि २२४५ ला. बोटाच्या ठशासारखी ओळख. यात नुसतं 'जड काहीतरी' न कळता नेमका समस्थानिक कळतो. अडचण अशी की रेषा अतिशय अरुंद असतात, नेहमीच्या लिनॅकचा बहुतेक किरण वाया जातो.

दोन, आकाशातून येणारे म्युऑन नावाचे कण. हाताच्या तळव्याएवढ्या जागेवर मिनिटाला शंभरेक पडतात, फुकट. युरेनियमसारख्या दाट जड पदार्थातून जाताना त्यांची दिशा जास्त वळते. २००३ मध्ये अमेरिकेच्या लॉस अ‍ॅलामॉस प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी यावरून वस्तू ओळखून दाखवली, पुढे बहामाच्या फ्रीपोर्ट बंदरात असं यंत्र बसलं. कोणालाच जादा मात्रा नाही, पण थांबावं लागतं. म्युऑन पकडण्याचा अनुभव आपल्याकडे जुना आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणीत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी साठच्या दशकात खोल जमिनीखाली शोधक लावले होते. कुलाब्यातली ती संस्था, पवईतली समीर ही सरकारी संशोधन संस्था आणि खारघरचं इलेक्ट्रॉन बीम केंद्र, ही सगळी इतकी जवळ असताना हे यंत्र आपण बाहेरून का घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. समीरने कर्करोगाच्या उपचारांसाठी लिनॅक बनवले, सेवाग्रामच्या रुग्णालयात बसवले. खारघरला १० एमईव्हीचा लिनॅक आहे. ज्ञान घरात आहे.


अभ्यासू_कासव · रविवार, रात्री ९.०५

ताई, चाळीस डब्यांचं उदाहरण पटलं. माझं मत थोडं बदलतो. मग सगळेच डबे स्कॅन करा म्हणणारा अमेरिकेचा कायदा कुठे गेला?


चेंबूरकरीण · रविवार, रात्री ९.५०

तो २००७ चा. अमेरिकेला येणारा प्रत्येक डबा निघण्याच्या बंदरातच स्कॅन झाला पाहिजे, मुदत २०१२. आधी साउदम्पटन, होंडुरासचं पुएर्तो कोर्तेस आणि कराचीजवळचं पोर्ट कासिम इथे करून पाहिलं. मुदत आली तशी वाढवली आणि मग वाढवतच राहिले. खांबांतल्या न्यूट्रॉनच्या नळ्यांना लागणारा हीलियम-३ वायूही मधल्या काळात टंचाईत आला. तो ट्रिटियमच्या क्षयातून मिळतो, ट्रिटियम अण्वस्त्रांसाठी बनायचं. शस्त्रं कमी झाली तसा साठा आटला, मग बोरॉन आणि लिथियमचे शोधक आले.

म्हणूनच मी मोजक्या डब्यांची बाजू घेते. खांब सगळ्यांसाठी, एक्स-रे निवडक डब्यांसाठी आणि तिसरी पायरी फक्त उरलेल्या शंकेच्या डब्यांसाठी, पण तिसरीवर बसणारा माणूस जी_कार्ड यांनी सांगितला तसा, काटा सगळीकडे सारखा आहे हे चालता चालता ओळखणारा. अशी माणसं घडवायला वेळ लागतो. मला लिनॅकवर एकटं सोडायला माझ्या वरिष्ठांनी तीन वर्षं घेतली होती.


उरणचा_पोरगा · सोमवार, सकाळी ७.१५

बाबा रात्रीच निघाले, फोनवर सगळं सांगितलं. त्यांचा आता एकच प्रश्न उरलाय. ड्रायव्हर पुढे केबिनमध्ये दिसतो, पण क्लीनर कधी कधी मागच्या बर्थवर झोपलेला असतो. कधी ऊन टाळायला डब्याच्या सावलीत, चेसिसखाली. त्याला कोण बघतं?


जी_कार्ड · सोमवार, सकाळी ७.५०

फाटकावर विचारतात, पण घाईत "कोणी नाही" म्हणून सगळेच मोकळे होतात. बाबांना सांग, स्कॅनिंगच्या रांगेत लागताना क्लीनरला उठवून खाली उतरवायचं, मग रेषेबाहेर पाठवायचं. तो बाहेर उभा दिसल्याशिवाय गाडी पुढे घ्यायची नाही. मी आज आमच्या सगळ्या ट्रान्सपोर्टवाल्यांना हेच फोन करून सांगतो.


चेंबूरकरीण · सोमवार, सकाळी ८.०५

बर्थवरचा माणूस केबिनच्या भागात येतो, पण बर्थ मागच्या कडेला असतो आणि किरण तिथूनच जवळ सुरू होतो. चेसिसखालचा तर थेट झोतात. जी_कार्ड म्हणतात तेच बरोबर. आमच्याकडे दार लावण्याआधी तंत्रज्ञ खोलीभर फिरून, प्रत्येक कोपऱ्यात बघून, आतलं शेवटचं बटण दाबतो आणि मगच मशीन चालू होतं. गाडीभोवती तशी एक फेरी आणि तसं एक बटण तिथेही असावं. आज ड्युटी संपली की हे नीट लिहून काढते. जी_कार्ड, तुम्ही पुढे द्याल का?


जी_कार्ड · सोमवार, सकाळी ८.१२

पाठवा ताई. मराठीत आणि हिंदीत, दोन्हींत लिहा, आणि अक्षर मोठं ठेवा. फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवरही लावतो, ड्रायव्हर लोक तिथे थांबतात.